सोपानआप्पांची न दिसणारी जनावरं

सकाळी सहाच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला कुणी चुकून गेलंच, तर त्याला एक विलक्षण दृश्य दिसायचं. पांढरा लेंगा-सदरा घातलेला, गळ्यात बोटाएवढी जाड सोनसाखळी असलेला साठीचा एक माणूस सांडपाण्याच्या टाकीवर ओणवा झालेला असायचा. डोळे मिटून तो एक खोल श्वास घ्यायचा. तिथं आपण नाकाला रुमाल लावतो. मग शेजारच्या बादलीतला शेणकाला हळूहळू टाकीत सोडत तो म्हणायचा, "घ्या रं लेकरांनू. दमानं घ्या. ढकलाढकली करू नगा, समद्यांस्नी हाय."

नव्यानं राहायला आलेली माणसं हे पाहून आधी वॉचमनला विचारायची आणि मग माझ्याकडे यायची. कारण मी सोसायटीची सेक्रेटरी. हे पद मला कुणी सन्मानानं दिलेलं नव्हतं. पहिल्या सभेला मी वेळेवर गेले, एवढाच माझा गुन्हा. मी प्रत्येकाला सांगायचे, "ते सोपानआप्पा. ते जनावरांना वैरण घालतायत." यावर समोरचा माणूस टाकीकडे, मग माझ्याकडे बघायचा आणि पुढच्या महिन्याचा मेन्टेनन्स जरा घाबरतच द्यायचा.

हे सगळं दोन हजार सहा-सातनंतरचं. पुण्यालगतच्या मारुंजीत तेव्हा एका बाजूला इमारती उठत होत्या आणि दुसऱ्या बाजूला ऊस उभा होता. मी मूळची परभणीची, नवरा लातूरचा, वरच्या मजल्यावरचे जळगावचे. आम्ही सगळे हिंजवडीत संगणकासमोर बसून पगार घेणारे. आप्पा मात्र जिथं जन्मले तिथंच राहात होते, फक्त आता टाइल्सच्या फरशीवर. आमच्या तिन्ही इमारती त्यांच्या जमिनीवर उभ्या होत्या. बिल्डरनं त्यांना पैसे दिले आणि तळमजल्यावरचे दोन फ्लॅट दिले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा-सून पुण्यात राहायला गेले होते. दोन फ्लॅटमध्ये मिळून एक आप्पा. "ही तुमची लिफ्ट हाय ना सेक्रेटरीबाई, तितं माजा उकिरडा हुता," असं ते पाहुण्यांदेखत सांगायचे. पाहुणे लिफ्टनं वर जाताना उगीचच श्वास धरून उभे राहायचे.

आप्पांना टाकीचं वेड कसं लागलं, ते सांगायला हवं. राहायला येऊन काही महिने झाले आणि इमारत सोसायटीच्या ताब्यात आली तेव्हा बिल्डरचा एक तरुण इंजिनियर आम्हाला एसटीपी समजावून द्यायला आला. संडास-बाथरूमचं सगळं पाणी या टाकीत येणार, इथले जिवाणू घाण खाणार आणि स्वच्छ झालेलं पाणी पलीकडच्या पाइपातून बाहेर जाणार. आम्ही माना डोलावत मोबाइल बघत होतो. आप्पा एकटेच पुढे सरकून ऐकत होते.

"जित्ते हायेत?" त्यांनी विचारलं.

"हो काका, जिवंत असतात. त्यांना हवा लागते, खाणं लागतं. फिनेल-बिनेल फार गेलं तर मरतात बिचारे."

"किती हायेत?"

"कोट्यवधी!"

आप्पांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते मी अजून विसरलेले नाही. जमीन विकली त्या वर्षी त्यांनी दावणीची सगळी जनावरं एकाच बाजारात विकली होती. नंतर न राहवून एक गाय आणून पार्किंगमध्ये, जळगावकरांच्या मोटारीच्या बंपरला बांधली होती. त्यावरून झालेली सभा ही आमच्या सोसायटीतली पहिली भरगच्च सभा. गाय शेजारच्या नेरे गावी भाच्याकडे गेली आणि आप्पा गप्प झाले. अशा माणसाला कुणीतरी कोट्यवधी जनावरं देऊ केली, तीही पार्किंगची जागा न अडवणारी. इंजिनियर जाता जाता सहज बोलून गेला की सुरुवातीला थोडं शेण घातलेलं चांगलं असतं. बस्स. दुसऱ्या दिवसापासून बादली सुरू झाली.

आप्पांना या विषयातलं फार कळत होतं असा कुणाचा समज होऊ नये. त्यांचं बरंचसं ज्ञान गोठ्यातलंच होतं. दुपारी जनावरं रवंथ करतात म्हणून ते एक ते तीन टाकीचा हवेचा पंप बंद ठेवायचे. नेमका हाच पंप कधी बंद ठेवायचा नसतो. शेवटी मी त्याच्या बटणाला पेटी करून कुलूप लावलं. तेव्हा ते मला म्हणाले, "सेक्रेटरीबाई, तुमी जेवल्यावर कुनी तुमच्या तोंडावर पंखा लावला तर झोप लागंल का?" मी म्हटलं, "उन्हाळ्यात लागते." त्यावर आठवडाभर बोलले नाहीत.

पण या सगळ्या खुळाच्या खाली एक गोष्ट होती आणि ती गावात सगळ्यांना माहीत होती. टाकीतून स्वच्छ होऊन निघालेलं पाणी जायचं कुठं? तर कुंपणापलीकडच्या उतारावर, हौसाबाईंच्या शेतात. हौसाबाई ही आप्पांची वहिनी, थोरल्या भावाची बायको. भाऊ कधीच गेला. आप्पांची आई ते रांगत असतानाच वारली होती, आणि नवी नवरी म्हणून आलेल्या या बाईनं दिराला कडेवर घेऊन संसार केला. स्वतःला मूलबाळ झालं नाही. वाटणीत आलेला आपला तुकडा तिनं बिल्डरला दिला नाही. तिथं ती मेथी, कोथिंबीर, पालक काढायची. विहीर होती, पण बोअर वाढले तसं तिचं पाणी तळाला गेलं. कशाबशा दोन वाफ्यांना पुरायचं. बाकी सगळं रान आमच्या टाकीच्या पाण्यावर.

आप्पांनी जमीन विकली याचा वहिनीला राग नव्हता. ती एवढंच म्हणाली होती, "जिमीन तुजी हाय, काय बी कर. पन दावनीच्या जनावरांस्नी बाजार दावू नगंस." आप्पांनी दाखवला. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. कुंपणाच्या अलीकडे आप्पा टाकीवर वाकलेले आणि पलीकडे ती वाफ्यात वाकलेली, अशी दोघं रोज समोरासमोर असायची. दोघंही एकमेकांच्या कानावर जाईल अशा आवाजात तिसऱ्याच कुणाशी तरी बोलायची. ती चिमण्यांवर खेकसायची, हे जिवाणूंना दमात घ्यायचे. टाकी नासली तर वहिनीचं रान नासणार, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. आम्हाला वासाची काळजी होती, त्यांना त्या रानाची.

आणि मग चांदीची मशीनं आली.

दिवाळीच्या आधी टाय लावलेला एक विक्रेता आमच्या पार्किंगमध्ये टेबल मांडून बसला. कपडे धुण्याचं नवं यंत्र, त्यात नॅनो सिल्व्हर. चांदीचे इतके बारीक कण की कपड्यांतला एकही जंतू जिवंत राहणार नाही. गटानं घेतलं तर सूट. आमच्याकडे सूट म्हटलं की सगळ्यांचे जिल्हे एक होतात. गर्दी झाली. आप्पा त्या गर्दीत पुढे उभे होते.

"बारीक म्हंजी किती बारीक?" त्यांनी विचारलं.

"काका, आपल्या केसाच्या जाडीत हजारो मावतील."

"मंग दिसत न्हाई?"

"अजिबात नाही!"

"गाळून घेता येतं?"

"नाही काका, कशातूनही जाईल!" विक्रेता अभिमानानं म्हणाला.

"मंग कपडे धुवून झाल्यावर पान्यासंगं कुटं जातं?"

विक्रेत्यानं टेबलावरचा कागद उलटा करून पाहिला. मागे फक्त हप्त्यांची माहिती होती. "काका, ते जातं... ड्रेनेजला."

"म्हंजी माज्याकडं," आप्पा म्हणाले आणि निघून गेले.

निम्म्या सोसायटीनं मशीनं घेतली. मीही घेतलं, उगीच शहाणपणा कशाला मिरवू? दिवाळी झाली आणि थंडीत टाकीला वास सुटला. आधी थोडा, मग असा की मागच्या बाजूच्या लोकांनी खिडक्या बंद केल्या. आप्पा माझ्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर घरात मयत झाल्यासारखा होता.

"जनावरं मेली," ते म्हणाले. "वास बोलतुया."

"आप्पा, थंडीमुळं असेल. पंप जुना झालाय."

"तुमचं मशीन जंतू मारतं का न्हाई?"

"मारतं."

"तुमच्या सदऱ्यातले मारून झाले की थांबायचं, फुडं सोपानच्या टाकीतल्यांना हात लावायचा न्हाई, हे त्या चांदीला कुनी सांगितलंया?"

मी सॉफ्टवेअर तपासणीच्या कामातली बाई. 'एक गोष्ट बदलली की दुसरीकडे काय मोडेल' हे शोधण्याचाच मला पगार मिळायचा. मी मशीनची माहितीपुस्तिका शोधून वाचली, तर चांदीची सोय बंद ठेवायचं बटण होतं. मी सगळ्यांना फोन केले. चौघी-पाचजणींनी बंद केलं. जळगावकर वहिनी म्हणाल्या, "चांदीचे पैसे मोजलेत आम्ही. बंद ठेवायला घेतलंय का?"

तिथून आप्पांची मोहीम सुरू झाली. बारीक चांदी कशाकशात आहे याचा शोध घेत ते हिंडू लागले. मोज्यांत सापडली, पाण्याच्या फिल्टरमध्ये सापडली, बाळाच्या दुधाच्या बाटलीच्या जाहिरातीत सापडली. सकाळी पळायला जाणाऱ्या पोरांना अडवून ते मोज्यांचा वास घ्यायचे. घाण वास आला की पाठ थोपटायचे, "शाब्बास. ह्यो चांगला मोजा." वास आला नाही की त्या पोराची खैर नसायची. पुढे पुढे ताळतंत्र सुटलं. नेऱ्याच्या भाच्याचं टक्कल, चांदे गावच्या रस्त्यावरचे खड्डे, नातवाला गणितात कमी पडलेले मार्क, सगळ्याच्या मुळाशी त्यांना चांदी दिसायला लागली. दुकानदार त्यांना लांबून बघून शटर अर्धं ओढून घ्यायचा.

एकदा मी त्यांना घेऊन सरकारी कार्यालयात गेले, कारण ते एकटे गेले असते तर प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं असतं. साहेब सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, पाण्यात धातू किती असावा याचे नियम आहेत; पण तोच धातू अतिबारीक असला तर वेगळा धरायचा का, याचा नियम अजून माझ्यासमोर आलेला नाही. चांदी ती चांदी. "म्हंजी ढेकूळ आन धुरळा एकच?" आप्पांनी विचारलं. साहेब प्रामाणिक होते, म्हणाले, "नसावं. पण माझ्याकडे तसं लिहिलेलं नाही." वकिलाकडे गेलो. त्यानं विचारलं, नुकसान काय झालं? वास आला. वासाला कारण चांदीच, हे सिद्ध कसं करणार? आणि कुणाविरुद्ध? मशीन बनवणाऱ्याविरुद्ध, विकणाऱ्याविरुद्ध की बटण चालू ठेवणाऱ्या तुमच्या जळगावकरांविरुद्ध? "तिघांच्या बी," आप्पा म्हणाले. वकील हसला. आप्पा हसले नाहीत.

शेवटी माझ्या ओळखीतली एक मुलगी भेटली. पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, अशाच कणांवर काम करणारी. आप्पांनी तिला तेच विचारलं: चांदी टाकीत जनावरं मारती का, फुडं रानात जाती का, मेथीत शिरती का, मेथी खाल्ल्याली मानसं मरत्यात का. ती म्हणाली, काचेच्या नळीत जिवाणू मरतात हे खरं. पण टाकीतल्या घाणीत गंधक असतं, त्याच्याशी मिळून चांदी बरीचशी निरुपद्रवी होत असावी. असावी. ती मातीत साठून अनेक वर्षांनी काय होईल, पानात किती चढेल, पोटात गेल्यावर काय करेल, हे अजून कुणी पुरेसा काळ बघितलेलंच नाही. "आप्पा, मला माहीत नाही," ती म्हणाली.

परतताना आप्पा बसमध्ये खूश होते. "लई शानी पोरगी," ते म्हणाले. "इतक्या दिसांत पयलं मानूस भेटलं जे म्हनलं, म्हाईत न्हाई." थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पर आता अवघड झालं."

मला तेव्हा ते कळलं नाही. माहीत नाही म्हणजे सुटलो, असंच मला वाटलं होतं.

पुढच्या भाद्रपदात पोळा आला; इकडे तो श्रावणात नसतो, भाद्रपदात असतो. दावणीला बैल नसले तरी आप्पांनी सण सोडला नाही. टाकीच्या कठड्याला त्यांनी गेरू लावला, चारी कोपऱ्यांना झेंडूच्या माळा बांधल्या, पंपाच्या मोटारीला बाशिंग लावलं. आरती झाली. सोसायटीतल्या बायकांना आधी हसू आलं आणि मग प्रत्येकीला आपापलं गाव आठवलं. बघता बघता घरोघरी पुरणपोळ्या झाल्या आणि ताटं घेऊन बायका रांगेत उभ्या राहिल्या. वर्षभर नाक दाबून फिरणाऱ्या जळगावकर वहिनींनी तूप लावलेली पोळी स्वतःच्या हातानं टाकीत सोडली. आप्पा एकेका पोळीला "खावा, सालभर राबलाया," म्हणत होते. मीही दोन सोडल्या. परभणीला असताना शेवटचा पोळा बघितला होता, त्यामुळं मलाही भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी टाकी फेसाळली. कुकरमधून डाळ उतू जावी तसा तपकिरी फेस कठड्यावरून वाहिला, पाइपातून बाहेर पडला आणि सरळ हौसाबाईंच्या वाफ्यात जाऊन बसला. आप्पा म्हणाले, चांदी. इंजिनियर फोनवर म्हणाला, इतकं गोड आणि तूप एकदम घातल्यावर दुसरं काय होणार? खरं काय ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या फेसानं मात्र सगळ्यांचे डोळे उघडले. रविवारी सभा बोलावली गेली. कुणीतरी म्हणालं, आपण बाजारातून आणतो ती मेथी याच रानातली असते. कुणी म्हणालं, पोरांच्या पोटात काय जातंय देव जाणे. आप्पाच तर वर्षभर ओरडत होते की पाण्यात चांदी आहे. ठराव मांडला गेला: हे पाणी शेतात सोडणं बंद करायचं, टँकरनं लांब नेऊन टाकायचं आणि इथली भाजी घेऊ नका असं बाजारात सांगून ठेवायचं. सगळे आप्पांकडे वळले. त्यांचाच विजय होता तो.

आप्पा उठले. "पानी चांगलं हाय," ते म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"चांदी-बिंदी काय न्हाई. म्या येड्यावानी बोलत हुतो. पोळ्यांनी फेस आला. पानी रानात जाऊ द्या." एवढं म्हणून ते चपला घालून बाहेर पडले. ज्याच्यामुळं ठराव आला तोच फिरल्यावर ठराव बारगळला.

मी मात्र संतापले होते. या माणसापायी मी दोन रजा घालवल्या, सरकारी साहेबासमोर बसले, वकिलाचं हसू झेललं, आणि हा भर सभेत म्हणतो काही नाहीच? म्हणजे वहिनीचं रान वाळू नये म्हणून आमच्या पोरांच्या ताटात काहीही गेलं तरी चालेल? पुढच्या शनिवारी सकाळी स्कूटरवरून नेऱ्याच्या रस्त्यानं जात होते, तर हौसाबाईंची भाजी नेणारा टेम्पो पुढे होता. तो बाजाराकडे वळायच्या ऐवजी विक्रीतून उरलेल्या, आप्पांच्या जुन्या, रिकाम्या गोठ्याकडे वळला. मी मागोमाग गेले.

गोठ्यात आप्पा उभे होते. टेम्पोवाल्यानं सगळी भाजी उतरवली, आप्पांनी त्याला पैसे दिले, तो गेला. मागच्या बाजूला मोठा खड्डा खणलेला होता. आदल्या दिवशीची मेथी त्यात पडलेली होती, त्यावर माती.

मला पाहून ते दचकले नाहीत. उलटं ठेवलेलं घमेलं पुढे सरकवून म्हणाले, "बसा."

"हे काय आहे आप्पा?"

"भाजी."

"ती दिसतेय. रोज सगळी विकत घेऊन पुरता?"

त्यांनी खड्ड्यातली माती पायानं सारखी केली. मग म्हणाले, "ती मास्तरीन म्हनली न्हवं, म्हाईत न्हाई. म्हाईत आसतं तर सोपं हुतं. इख हाय म्हनली आसती तर वैनीला जाऊन सांगितलं आसतं, शिव्या खाल्ल्या आसत्या. इख न्हाई म्हनली आसती तर निवांत झोपलो आसतो. आता ज्ये म्हाईतच न्हाई त्याच्यापायी त्या बाईला कसं सांगू, तुजी भाजी कुनी खायाची न्हाई म्हनून? तिचं आयुष्य त्या वाफ्यात गेलंया. आन म्हाईत न्हाई म्हनून लोकांच्या पोरांच्या ताटात तरी कशी जाऊ देऊ?"

"म्हणून सगळी तुम्ही घेता."

"जिमिनीचं पैकं पडल्यातच. खाणारं कोन हाय?"

माझा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्याच्या जागी काय आलंय ते मला समजत नव्हतं. कोपऱ्यात तीन विटांची चूल होती. तिच्यावर छोटी कढई आणि कढईत मेथीची भाजी. शेजारी झाकून ठेवलेली भाकरी.

"आणि ही?"

आप्पा पहिल्यांदाच ओशाळले. "ही म्या खातो."

"तुम्हीच म्हणता ना, काय आहे माहीत नाही!"

"म्या म्हातारा झालो, मला काय हुतंय." ते हसले, मग हसू विरलं. "तिनं लावल्याली हाय वो. लई वर्सं झाली तिच्या हातचं जेवून. समदीच्या समदी कशी टाकू?" मग ढिगातून एक जुडी उचलून त्यांनी माझ्यापुढे धरली. बाकीच्या जुड्या लव्हाळ्यानं बांधलेल्या होत्या. ही लुगड्याच्या चिंधीनं. "ही एक लई कवळी आसती, हीच शिजवतो. रोज येती. चुकून बांधत आसंल."

मी तिथून उठून थेट हौसाबाईंच्या रानात गेले. कशासाठी गेले ते मलाही ठरवता आलं नव्हतं. कदाचित सगळं सांगून टाकायला. सांगायला हवं होतंच. त्या मातीवर तिचा हक्क होता. ती विहिरीजवळच्या दोन वाफ्यांत बसून खुरपत होती. बाकीचं रान पाइपाच्या पाण्यावर तरारलेलं. इथली मेथी मात्र बारीक, अंगानं कमी. मी बांधावर टेकले आणि "मावशी, तुमची भाजी..." एवढंच म्हणाले.

"गोठ्याकडनं आलायसा," ती म्हणाली. वर न बघताच. "टेम्पोवालं माज्या म्हायेरचं हाय. पयल्या दिशीच सांगितलं त्यानं मला."

ती खुरपतच राहिली.

"साऱ्या मारुंजीत बोंबलत फिरला सालभर, चांदी चांदी म्हनून. मला काय ऐकाया येत न्हाई व्हय? टाकीचं पानी बरं का वंगाळ, मला कळत न्हाई. पन त्यो लोकांपातुर जाऊ देत न्हाई, येवडं ठावं हाय. म्हनून तर काढतीया."

"मग बंद का करत नाही? इतके कष्ट कशाला? आप्पा सगळी पुरतात."

तिनं खुरपं खाली ठेवलं. "बंद केलं तर माज्याकडनं त्याच्याकडं काय जाईल?"

वारा सुटला होता. कुंपणापलीकडे आमच्या इमारती, त्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे.

"जनावरं इकली तवा म्या अबोला धरला. आता कोन आदी बोलनार? त्यो बी म्हातारा, म्या बी म्हातारी." असं म्हणत ती पुन्हा वाकली आणि त्या किडकिडीत वाफ्यातली एकेक काडी निवडून उपटायला लागली. पिवळं पान काढून टाकायची, मुळाची माती झाडायची. हातात पुरेशी झाली तेव्हा कमरेला खोचलेली चिंधी काढून तिनं जुडी बांधली.

"ही येगळी?" मी विचारलं.

"ही त्याची. त्याला निवडता येत न्हाई, मातीसकट खाईल." जुडी पदराखाली सावलीला ठेवून तिनं रिकामा पोहरा विहिरीत सोडला. दोर पुष्कळ वेळ खाली जात राहिला. "ह्ये दोन वाफं म्या हिरीच्या पान्यावर ठेवल्यात. टाकीचा थेंब हितं येऊ देत न्हाई. त्याला सांगू नगा."